झुंजार, अभयकुमार आणि माझा चातुर्मासाचा नियम



मागच्या वेळी चातुर्मासात पालेभाजी न आणता डब्याला रोज काय द्यायचं त्यावर लिहिलं होतं, आणि तुम्ही इतक्या जणींनी आपापल्या युक्त्या कळवल्यात की माझं पंधरा दिवसांचं काम झालं. आज मात्र स्वयंपाकघरातलं नाही, एक कबुली द्यायची आहे. मला रहस्यकथा वाचायची सवय आहे. म्हणजे खून, चोरी, तिजोरी, बनावट मृत्युपत्र असलं सगळं. आणि ती सवय मी एका चातुर्मासात, पूर्ण विचार न करता, सोडून दिली होती. त्यातून घरात जे झालं ते सांगते.

आधी मामांबद्दल. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या सांगलीकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. ते रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये नोकरीला होते. डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन नोकरी, एकही दिवस कांदा-लसणाचा डबा नाही, आणि पिशवीत डब्याशेजारी कायम एक पॉकेट बुक. ते बहुतेक वेळा बाबूराव अर्नाळकरांचं असायचं. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक मामांच्या पिढीला घरच्या माणसांसारखे ठाऊक होते. मामा सांगायचे, कोपरपासून भायखळ्यापर्यंत डब्यात चौघांपैकी तिघांच्या हातात तसलं पुस्तक असायचं आणि उतरताना अदलाबदल व्हायची. हिशोब कोणी ठेवत नसे, पण पुस्तक फिरून परत यायचं.

मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा माझ्याजवळ भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची चार-पाच पुस्तकं होती, माहेरच्या कपाटातून गुपचूप आणलेली. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तोंडात ते ‘ट्टॉक’. नव्या नवरीच्या सामानात मुलांची पुस्तकं बघून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. मामांनी मात्र एक उचललं, दोन दिवसांत संपवलं आणि म्हणाले, “पोरगं चांगलंय. मोठं झालं की झुंजारच्या हाताखाली द्यायचं.” तिथून आमची दोघांची गट्टी जमली. सुनेनं सासऱ्यांपुढं फार बोलायचं नाही अशी तेव्हा घरातली रीत होती, पण खुनी कोण यावर बोललेलं चालायचं!

पुढं माझं वाचन वाढलं. सुहास शिरवळकरांना तुम्ही ‘दुनियादारी’मुळे ओळखत असाल, पण त्यांचे मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वास हे नायक मी त्याच्या आधी भेटलेले. खरं सांगायचं तर त्या काळातल्या सगळ्याच पॉकेट बुकांची मुखपृष्ठं घरात उघडी ठेवण्यासारखी नसायची. काही मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली आणि काही पहिल्या दहा पानांतच परत केली. दारूच्या बाटल्या आणि मारामारी यापलीकडे काही नसेल तर माझा जीव रमत नाही. माझा खरा जीव रमला तो सत्यजित राय यांच्या फेलूदात. मुलांच्या ‘संदेश’ मासिकात १९६५ साली तो पहिल्यांदा आला, त्यामुळे त्यात रक्तपात बेताचा आणि डोकं भरपूर. डोंबिवलीत २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावं साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर मी तासभर याच्याच मागे होते. मराठी अनुवाद अशोक जैन यांचा. मुखपृष्ठावरचं आडनाव वाचून सासूबाई म्हणाल्या, “हे चालेल.” आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सासूबाई गेल्या, आणि त्यानंतर मामांची नजर हळूहळू गेली. डोळ्याच्या पडद्याचा आजार. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेचं तेवढं अंधुक दिसतं. मग दुपारी तीन ते चार मी त्यांना वाचून दाखवायला लागले. भांडी आवरलेली, संध्याकाळचं सूर्यास्ताआधीचं जेवण टाकायला अजून वेळ, खाली रिक्षांचा गोंगाटही जरा कमी. तो तास आमचा.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत माझ्या लक्षात यायला लागलं की मामा विसरतात. नातवाला मुलाच्या नावानं हाक मारायचे. कल्याणची नणंद येऊन गेली तरी संध्याकाळी विचारायचे, “ती कधी यायची?” डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आणि इथंच मला या मालिकेतल्या कथांची किंमत कळली. एखादी नवी कादंबरी वाचायला घेतली की मामा दहा मिनिटांत थकायचे. हा कोण, ती कोणाची कोण, तो मघाशी आलेला तोच का? पण ‘झुंजार’ म्हटलं की पाठीचा कणा ताठ. त्याची ओळख करून द्यावी लागत नव्हती. तो साठ वर्षांपूर्वी ओळखीचा झाला होता आणि तसाच होता. गुन्हेगार कोण ते मामा विसरायचे, त्यामुळे एकच पुस्तक आम्ही तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटी ते म्हणाले, “मला वाटलंच होतं.” मी हसू दाबायची.

या नायकांचं एक मला नेहमी गमतीचं वाटतं. ते म्हातारे होत नाहीत. फास्टर फेणेची शाळा संपत नाही. फेलूदाचा तोपशे कॉलेज संपवून नोकरीला लागला असं काही आपल्याला वाचायला मिळत नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये कड्यावरून खाली टाकला, तर वाचकांनी इतका धोशा लावला की दहा वर्षांनी त्याला परत जिवंत आणावं लागलं. ॲगाथा ख्रिस्ती यांचा पॉयरो १९७५ मध्ये शेवटच्या कादंबरीत मेला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर त्याची मृत्यूची बातमी छापली. कागदावरच्या माणसाची! एक ब्योमकेश बक्षी तेवढा शहाणा. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी त्याचं लग्न लावलं, त्याला संसार दिला, वय वाढू दिलं. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. तो शब्द मला फार आवडतो.

ख्रिस्ती यांची मिस मार्पल तर आपल्यातलीच. विणकाम करत बसलेली गावातली म्हातारी, १९३० मध्ये पहिल्या कादंबरीत आली. खुनाचं प्रकरण समोर आलं की तिला गावातली कोणीतरी आठवते, अमकीनं कोळंबी कशी लपवली, तमक्याचा पोरगा कसं खोटं बोलला, आणि त्यावरून ती गुन्हेगार ओळखते. आपल्या प्रत्येक मंदिरात अशी एक काकी असते. पूजेचं ताट कोणी बदललं, कोणाचा उपवास खरा आणि कोणाचा पित्ताचा, हे ती खांबाला टेकून बसल्या जागी सांगते.

आता नियमाचं.

त्या वर्षी चातुर्मासाला आमच्याकडे आर्यिका माताजींचा संघ होता. पहिल्याच रविवारी प्रवचनात अनर्थदंडाचा विषय निघाला. तुम्हाला माहीतच आहे, समंतभद्र स्वामींनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुःश्रुती म्हणजे मन मलीन करणारं ऐकणं-वाचणं. ज्यानं राग, द्वेष, मद चाळवतात ते. कुंदकुंदाचार्यांच्या नियमसारातही वचनगुप्ती सांगताना स्त्रीकथा, राजकथा, भोजनकथा यांच्याबरोबर चोरकथा टाळायला सांगितली आहे. चोरकथा हा शब्द ऐकला आणि मला सगळ्या मंडपात आपल्याकडेच कोणीतरी बघतंय असं वाटलं. माताजी म्हणाल्या, चार महिने एक तरी दुःश्रुती सोडा. बायका टीव्हीच्या मालिका सोडत होत्या, कोणी मोबाइल सोडला. मी हात वर केला आणि बोलून बसले, “रहस्यकथा वाचणार नाही, ऐकणार नाही. निर्वाणापर्यंत.”

घरी आले, तीन वाजले, मामा खुर्चीत बसून म्हणाले, “पोरी, पुढं वाच की.”

पुस्तक निम्म्यावर होतं. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं नसलेलं एक जुनं अर्नाळकर, मामांच्या ट्रंकेतलं. त्यामुळे नावही ठाऊक नाही. आत खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं. मी त्यांना सांगितलं, “मामा, मी नियम घेतलाय. दिवाळीनंतर वाचू.” मामांनीही जन्मभर नियम पाळलेत. ते म्हणाले, “घेतलास तर पाळ,” आणि गप्प बसले. चेहरा पडला तो दिसला मला. पण म्हटलं, झालं, सांगून मोकळी झाले.

मोकळी कुठली! दुसऱ्या दिवशी तीन वाजता परत, “पोरी, पुढं वाच की.” आदल्या दिवशीचं त्यांना काही आठवत नव्हतं. मी परत सांगितलं, परत चेहरा पडला. तिसऱ्या दिवशी परत. मैत्रिणींनो, एकदा नाही म्हणणं सोपं असतं. रोज त्याच माणसाला, त्याच तासाला, पहिल्यांदा सांगितल्यासारखं नाही म्हणायचं आणि त्यानं रोज पहिल्यांदा दुखवून घ्यायचं, हे मला झेपेना. मी पुस्तक डाळींच्या डब्यांमागं लपवलं. मग मामा हातानं चाचपत अख्खी दुपार पुस्तक शोधत बसले. सहाव्या दिवशी मी रात्री प्रतिक्रमणाला बसले आणि मनात तेच. कोणाचं मन दुखवायचं नाही म्हणून धर्म, आणि मी धर्माच्या नावानं रोज दुपारी तीनला नेमकं तेच करतेय. बरं, नियम मोडायचा तर तेही मन घेईना. घेतलेला नियम मोडू नये हे मी माझ्या मुलाला लहानपणापासून सांगत आलेय.

शेजारच्या गुजराती बेननी यातून पहिली वाट काढली. त्या श्वेतांबर, दर पौर्णिमेला ठाण्याला टेंभी नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या. त्यांना मी हकिगत सांगितली तर म्हणाल्या, “आपल्याकडे अभयकुमार आहे ना!” श्रेणिक राजाचा मुलगा आणि मंत्री अभयकुमार आपल्यालाही ठाऊक आहे, पण त्यांच्या परंपरेत त्याच्या शोधाच्या कितीतरी कथा आहेत. त्यांनी सांगायच्या आणि मी दुपारी मामांना माझ्या शब्दांत सांगायच्या असं ठरलं.

आंब्याची कथा ऐका. चेलना राणीच्या बागेत बाराही महिने आंबा. एका रात्री आंबे चोरीला गेले, कुंपण जसंच्या तसं. अभयकुमारानं काय केलं, तर जमलेल्या लोकांत बसून एक गोष्ट सांगितली. एका मुलीनं माळ्याला शब्द दिला होता की लग्नाच्या रात्री आधी तुला भेटून मग नवऱ्याकडे जाईन. नवऱ्यानं तिला शब्द पाळायला जाऊ दिलं. वाटेत दागिन्यांसाठी चोरांनी अडवलं, तिनं परत येते म्हटलं, त्यांनी सोडलं. राक्षसानं सोडलं. माळ्यानंही मान तुकवून परत पाठवलं. मग परत येताना राक्षसानं आणि चोरांनीही तिला तशीच जाऊ दिली. अभयकुमारानं विचारलं, सगळ्यात अवघड काम कोणी केलं? संशयी माणसं म्हणाली, नवऱ्यानं. भुकेली म्हणाली, राक्षसानं. आणि एकजण म्हणाला, चोरांनी. इतके दागिने सोडले म्हणजे काय! अभयकुमारानं त्यालाच धरलं.

मामा खुर्चीचा हात थोपटून म्हणाले, “शाब्बास! हा आपल्या झुंजारच्याच जातकुळीतला.” त्या दिवशी त्यांनी पुस्तक मागितलं नाही. आठवडाभर अभयकुमार चालला. खरं तर हे आपल्याला नवीन नाहीच. कमठ आणि मरुभूतीची गोष्ट आपण दहा भव ऐकतो, तेच दोन जीव, पार्श्वनाथांपर्यंत. फरक एवढाच की त्या दहा भवांत केलेलं कर्म मागं लागतं. झुंजारच्या मागं मागच्या पुस्तकातलं काही लागत नाही. हजार पुस्तकांत तो कोरा. विचार केला की मला ते जरा खोटं वाटतं, आणि तरी हवंही वाटतं.

पण बेनच्या कथा संपत आल्या आणि एका दुपारी मामांनी परत विचारलं, “ते अर्धं राहिलेलं पुस्तक कुठंय? त्यात बसचं तिकीट होतं.” सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि तिकीट आठवलं! मग मी सरळ माताजींकडे गेले. वंदामि करून बसले आणि सगळं सांगितलं, पुस्तकं डाळीमागं लपवल्याचंसुद्धा. मला वाटलं, एक तर सूट देतील, नाही तर समजावतील. माताजींनी विचारलं, “नियम कोणी घेतलाय?” म्हटलं, मी. “सासऱ्यांनी घेतलाय का?” नाही. “घरात दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही का?” मी गप्प. मग म्हणाल्या, “तुझा नियम तू पाळ. आणि पुढच्या वेळी हात वर करायच्या आधी घरात तुझ्यावर कोण अवलंबून आहे ते बघत जा.” एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

घरात वाचायला होता तो आमचा लेक, तेव्हा अकरावीत, इंग्रजी माध्यमाचा. मराठी पाटी वाचायला थांबून वाचणारा. त्याला मोबाइलच्या डेटाचं आमिष दाखवून बसवलं. पहिल्या दिवशी एका पानाला वीस मिनिटं लागली. “आजोबा, ‘पिस्तूल रोखलं’ म्हणजे थांबवलं का?” “अरे, रोखलं म्हणजे समोर धरलं! काय शिकवतात तुम्हाला?” मामा चिडले, पण काय आनंदानं चिडले. आठवड्याभरात पोराची गाडी रुळावर आली. दुसऱ्या आठवड्यात डेटाचा विषय निघेनासा झाला.

आता माझी पंचाईत. ‘ऐकणार नाही’ असंही मीच म्हटलं होतं ना! दोन खोल्यांचं घर. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरायला बसायची आणि भिंतीपलीकडून, “इतक्यात दार उघडले आणि...” मी मिक्सर लावायची. नळ सोडायची. एकदा तर चक्क कानात बोटं घातली आणि मला बेननी सांगितलेला रोहिणेय चोर आठवला. त्याच्या बापानं बजावलेलं, महावीरांचं बोलणं कानावर पडू द्यायचं नाही. म्हणून तो समवसरणाजवळून कानात बोटं घालून धावायचा. एकदा पायात काटा मोडला, काढायला हात खाली घ्यावा लागला आणि तेवढ्यात देवांची लक्षणं कानावर पडली: पाय जमिनीला लागत नाहीत, पापणी लवत नाही, घाम येत नाही, माळ कोमेजत नाही. पुढं अभयकुमारानं त्याला दारू पाजून खोट्या स्वर्गात उठवलं, की तू देव झालास, आता मागचं सगळं सांग. तर त्याला दिसलं, या अप्सरांना घाम येतोय आणि पापण्या लवतायत. तो सुटला, आणि नंतर आपण होऊन महावीरांकडे गेला. तो भगवंतांचं ऐकू येऊ नये म्हणून बोटं घालायचा आणि मी झुंजारचं! भेंडी तशीच टाकून मी एकटीच हसत बसले. काटा माझ्याही पायात मोडायचाच. दोन-तीन वाक्यं गेली कानावर, नाही म्हणत नाही. त्याचं प्रायश्चित्त घेतलं.

दुःश्रुती म्हणजे नेमकं काय, हे मला अजून पुरतं सुटलेलं नाही. बातम्यांत खरा खून दहा वेळा दाखवतात, आपण तो जेवताना बघतो, त्याचा नियम कोणी घेत नाही. आणि ज्या पुस्तकात शेवटी खोटं उघडं पडतं ते मात्र मी लपवून ठेवते. दुसऱ्या बाजूनं, चार महिने न वाचल्यावर रात्री डोळा लवकर लागायला लागला, मनात पाठलाग थांबला, हेही खरंच आहे. दोन्ही जसं आहे तसं सांगितलं.

दिवाळीच्या पहाटे निर्वाण लाडू चढवून आलो. नियम पूर्ण झाला. पुस्तक दोघा आजोबा-नातवानं कधीच संपवलं होतं आणि लेक मला गुन्हेगार सांगायला तयार नव्हता. “तू वाच,” म्हणाला. तीन वाजता मी ते डबे सरकवून काढलं, अजून तिकीट आत होतंच. मामांनी हातात घेतलं, बोटांनी फाटकी कड चाचपली.

“हे वाचलंय का गं आपण?”

“नाही मामा.”

“मग पहिल्यापासून वाच,” मामा म्हणाले. मी पाचवं पान उघडलं.